पाटकरी अजून जागा आहे

वॉर्डात तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांच्या हातात दोन साध्या वस्तू असतात. कापसाची बारीक वात आणि सेफ्टी पिन. आधी ते पेशंटच्या गालाला कापूस लावतात, पिन टोचतात. ‘नेहमीसारखं’ कसं लागतं, याचं माप त्यावरून ठरतं. मग डोळे मिटायला सांगून ते मानेपासून खाली निघतात. खांदा, हाताचा अंगठा, करंगळी, बेंबी, मांडी, गुडघा, घोटा. अंगाच्या प्रत्येक बाजूला अशा २८ जागा. “टोचलं की नुसतं लागलं? गालासारखं, की कमी?” प्रत्येक जागेला शून्य, एक किंवा दोन गुण. त्यानंतर प्रत्येक बाजूचे दहा स्नायू. कोपर वाकवा, मनगट उचला, पायाचा अंगठा वर करा. इथे गुण शून्य ते पाच. सगळ्यात शेवटी एक तपासणी होते. तिचा पेशंटला संकोच वाटतो, पण ती मोलाची असते. गुदद्वाराशी स्पर्श कळतो का, तिथला स्नायू आवळता येतो का, हे डॉक्टर पाहतात. मज्जारज्जूचं अगदी खालचं टोक त्या जागेची खबर मेंदूला देतं. ती खबर वर पोचत असेल किंवा तो स्नायू आवळता येत असेल, तर मज्जारज्जूची इजा ‘अपूर्ण’. दोन्ही नसेल तर ‘पूर्ण’.

दाराबाहेर थांबलेल्या घरच्यांना गुणांच्या या तक्त्याचं काही कळत नाही. त्यांना एकच विचारायचं असतं: “डॉक्टर, चालेल ना हो तो?”

हा प्रश्न चुकीचा नाही. पण उपचारांचं आजचं तंत्रज्ञान नेमकं काय करतं हे समजून घेतलं, की याहून चांगले प्रश्न सुचतात. म्हणून जरा सावकाश, पहिल्यापासून पाहू.

इजा म्हणजे काय होतं?

मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून उतरणारी चेतातंतूंची जुडी. जाडी करंगळीएवढी, लांबी साधारण ४५ सेंटिमीटर. तिच्यातून चेतांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. प्रत्येक चेतेला दोन मुळं असतात. मागच्या मुळातून अंगाची खबर आत येते, पुढच्या मुळातून स्नायूंना हुकूम जातो. मार मानेत बसला तर हातपाय दोन्ही जातात. छातीच्या पातळीवर किंवा त्याखाली बसला तर हात वाचतात, पाय जातात. लघवी, शौच आणि लैंगिक क्रिया यांचा ताबा जवळजवळ प्रत्येकाचा बिघडतो. इजा वरच्या भागात असेल तर रक्तदाब आणि घामही बिघडतात.

आपल्याकडे उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात ही याची दोन मोठी कारणं. अशा वेळी मज्जारज्जू सुरीने कापल्यासारखा क्वचितच तुटतो. मोडलेला किंवा सरकलेला मणका त्याला चिरडतो. पुढच्या काही तासांत तिथे सूज येते, रक्तपुरवठा आटतो, मरणाऱ्या पेशींतून निघालेली रसायनं शेजारच्या धडधाकट पेशींनाही मारतात. म्हणजे पहिला घाव क्षणाचा, आणि दुसरा कित्येक दिवस चालणारा. पहिला कुणाच्या हातात नसतो. दुसरा काही प्रमाणात आपल्या हातात असतो.

म्हणून झाडावरून पडलेल्याला काखेत आणि पायाला धरून झोळीसारखं उचलू नये. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवावी, त्याला हलू देऊ नये आणि १०८ला फोन करावा. हलवावंच लागलं तर चौघांनी मिळून, ओंडका वळवावा तसं सगळं अंग एकदम वळवून फळीवर घ्यावं. दवाखान्यात शक्यतो २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया करून मज्जारज्जूवरचा दाब काढण्याचा प्रयत्न असतो. पुढे येणाऱ्या सगळ्या यंत्रांचं यश याच वेळात काय वाचलं, यावर उभं असतं.

वाचलेलं काय असतं?

हाताची किंवा पायाची चेता तुटली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकते. मज्जारज्जूत तसं होत नाही. तिथे वण तयार होतो आणि भोवतालची रसायनं तंतूंना वाढू देत नाहीत. म्हणूनच अनेक पिढ्यांना ‘आता काही होणार नाही’ हे एकच उत्तर मिळालं.

पण या उत्तरात एक मोठी गोष्ट सुटली होती. कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना ती चटकन कळेल. धरणातून पाणी सुटतं, मुख्य कालव्याने येतं, आणि कोणत्या चारीला किती वेळ पाणी द्यायचं ते गावातला पाटकरी पाहतो. धरणावरच्या साहेबाला प्रत्येक वाफा ठाऊक नसतो. आपलं चालणंही असंच चालतं. मेंदू ‘चल’ एवढंच सांगतो. कोणता स्नायू केव्हा आवळायचा, दुसरा केव्हा सैल सोडायचा, डावा पाय टेकला की उजवा केव्हा उचलायचा, हा तपशील मोठ्या प्रमाणात मज्जारज्जूच्या खालच्या भागातली चेतापेशींची जाळी सांभाळतात. ही जाळी कमरेच्याही वर, छातीच्या शेवटच्या मणक्यांच्या आतल्या बाजूला असतात.

थॉमस ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९११ मध्येच दाखवलं होतं, की मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला तरी पायांची चालण्याची लय तिथल्या तिथे निर्माण होऊ शकते. पुढे संशोधकांनी अशा मांजरांना फिरत्या पट्ट्यावर सराव देऊन चालायला शिकवलं. म्हणजे मानेत किंवा छातीत कालवा फुटला, तरी खाली पाटकरी जागाच असतो. त्याच्यापर्यंत निरोप पोचत नाही, एवढंच. शिवाय तपासणीत ‘पूर्ण’ ठरलेल्या कितीतरी इजांमध्ये काही तंतू जखमेच्या कडेने वाचलेले असतात. त्यांचा आवाज मात्र फार क्षीण असतो.

आजच्या तंत्रज्ञानाचं गमक इथेच आहे. तुटलेलं सांधणं अजून आपल्याला जमलेलं नाही. जे वाचलं आहे त्याला ऐकू येईल असं करणं मात्र जमू लागलं आहे.

विजेने काय साधतं?

अमेरिकेतल्या लुइव्हिल इथे सुझन हार्केमा आणि रेजी एजर्टन यांच्या गटाने २०११ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एका तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली. रॉब समर्स हा बेसबॉल खेळाडू. २००६ मध्ये गाडीने उडवल्यामुळे त्याची छातीखालची हालचाल गेली होती. आधी त्याला २६ महिन्यांत १७० वेळा ट्रेडमिलवर, अंगाला दोराचा आधार देऊन, माणसांनी पाय हलवून चालण्याचा सराव दिला गेला. तेवढ्याने पाय हलले नाहीत. मग मज्जारज्जूच्या आवरणावर १६ इलेक्ट्रोडची पट्टी बसवली. असं यंत्र दीर्घ पाठदुखीसाठी आधीपासून वापरात होतंच. वीज सुरू असताना त्याला स्वतःचा सगळा भार पायांवर घेऊन चार मिनिटांहून अधिक उभं राहता आलं. आधार लागला तो फक्त तोल सांभाळण्यापुरता. सात महिन्यांनी तर वीज चालू असताना त्याला पायाच्या काही हालचाली स्वतःच्या इच्छेने करता येऊ लागल्या.

वाचताना वाटतं, विजेने स्नायू ओढले असतील. तसं झालं नव्हतं. ही वीज मुख्यतः मागच्या मुळातले जाड तंतू जागवते, म्हणजे स्नायू किती ताणला आहे आणि पाय कुठे आहे ही खबर आणणारे तंतू. ती खबर जाळ्यांत पोचते आणि झोपी गेलेल्या चेतापेशी जाग्या होण्याच्या उंबरठ्यापर्यंत येतात. एवढं झालं की पायाला जमीन लागल्याची जाणीव किंवा वरून येणारा क्षीण निरोपही पुरेसा होतो.

स्वित्झर्लंडमध्ये लोझानला ग्रेग्वार कुर्तीन हे शास्त्रज्ञ आणि जोसलिन ब्लॉक या मेंदूशल्यचिकित्सक हेच काम पुढे नेत आहेत. त्यांच्या गटाच्या लक्षात आलं, की वीज सतत सोडली तर माणसात एक अडचण येते. पायाकडून वर येणारी खरी खबर त्या विजेत हरवून जाते. मोठ्या आवाजात रेडिओ लावला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तसं. मग त्यांनी वीज वेळ साधून, नेमक्या जागी आणि छोट्या झटक्यांत सोडायला सुरुवात केली.

एक पाऊल टाकताना काय होतं ते पाहा. पाय उचलायचा तर मांडी पोटाकडे ओढणारे स्नायू हवेत, म्हणून त्या बाजूचे वरचे इलेक्ट्रोड सुरू होतात. पाय टेकला की गुडघा मोडू नये म्हणून मधले. टाच उचलून अंग पुढे ढकलायचं तर पोटरी हवी, म्हणून सगळ्यात खालचे. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचे वरचे इलेक्ट्रोड तयार. हे सगळं एका पावलाच्या वेळात घडतं. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासातले तिघे जण आठवड्याच्या आत वजनाचा आधार घेऊन पावलं टाकू लागले. काही महिन्यांच्या सरावानंतर तर वीज बंद असतानाही त्यांना पायांच्या काही हालचाली करता आल्या. २०२२ मध्ये त्यांनी पायांसोबत धडाच्या मुळांवरही पोचेल अशी खास बेतलेली पट्टी वापरली. तेव्हा पूर्ण लुळेपणा असलेल्या तिघांनी पहिल्याच दिवशी, वीज चालू असताना, आधाराने पावलं टाकली. मात्र रस्त्यावर चालण्याइतपत जमायला पुढे महिन्यांचा सराव लागला. पहिल्या दिवसाचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो, ते महिने दिसत नाहीत.

मेंदूपासून पायापर्यंत पूल

यात एक उणीव राहिली होती. पाऊल केव्हा टाकायचं हे यंत्र किंवा माणसाची उरलीसुरली हालचाल ठरवत होती. इच्छा थेट पायापर्यंत जात नव्हती.

गर्ट-यान ओस्काम या डच गृहस्थांना २०११ मध्ये चीनमध्ये सायकलच्या अपघातात मानेला इजा झाली. मज्जारज्जूवरची पट्टी त्यांना आधीच बसवलेली होती. नंतर लोझानच्या गटाने फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांसोबत त्यांच्या कवटीत दोन चकत्या बसवल्या. प्रत्येकीत ६४ इलेक्ट्रोड. चकत्या मेंदूच्या आवरणावर टेकतात, मेंदूत खुपसलेल्या नसतात. पाय उचलायचा विचार आला की मेंदूच्या त्या भागातल्या लहरी बदलतात. सोबतचा संगणक तो बदल ओळखतो आणि मज्जारज्जूवरच्या पट्टीला सांगतो. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये हा पूल प्रसिद्ध झाला. ओस्काम स्वतःच्या इच्छेने पावलं टाकू लागले, जिना आणि चढणही चढले. सरावानंतर यंत्र बंद असतानाही ते कुबड्यांवर चालू शकले. तुटलेला संवाद रोज घडवत राहिला, की वाचलेले तंतूही पुन्हा कामाला लागतात, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

त्या वेळी ओस्काम यांनी पत्रकारांना सांगितलेली एक घटना माझ्या मनात राहिली आहे. घरात काहीतरी रंगवायचं होतं, मदतीला कुणी नव्हतं. त्यांनी वॉकर घेतला, रंग घेतला आणि उभं राहून ते स्वतः रंगवलं. जिना चढण्यापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

हात आधी की पाय?

संशोधक किम अँडरसन स्वतः मानेच्या इजेसह जगतात. त्यांनी अमेरिकेत ६८१ जणांना विचारलं, की तुम्हाला सगळ्यात आधी काय परत हवं? २००४ मध्ये आलेल्या उत्तरांत चारही हातपाय गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हात मागितले. फक्त पाय गेलेल्यांच्या यादीत लैंगिक जीवन पहिलं होतं. लघवी-शौचाचा ताबा दोन्ही याद्यांत वर होता. बघणाऱ्याला व्हीलचेअर दिसते. तीत बसलेल्याला घास स्वतःच्या हाताने घेता यावा, चारचौघांत कपडे ओले होऊ नयेत, असं वाटत असतं.

म्हणून अलीकडची एक प्रगती मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यात शस्त्रक्रियाच नाही. मानेच्या मागे त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून वीज सोडतात, आणि त्याच वेळी ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताचे व्यायाम करून घेतात. पेला धरणं, चिमटीत वस्तू उचलणं, किल्ली फिरवणं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० जण होते. आधी दोन महिने नुसता व्यायाम, मग दोन महिने व्यायामासोबत वीज. त्यांच्यापैकी ७२ टक्के लोकांत हाताची ताकद आणि काम दोन्ही सुधारलं. काहींची इजा ३४ वर्षांपर्यंत जुनी होती. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्राला परवानगी दिली.

यंत्रमानवांबद्दल थोडक्यात. पायांना बांधून ट्रेडमिलवर चालवणारं ‘लोकोमॅट’ किंवा अंगावर चढवून चालायचे बाह्यसांगाडे मोठ्या पुनर्वसन केंद्रांत दिसतात. दोघातिघा फिजिओथेरपिस्टांनी वाकून पाय हलवण्याचं कष्टाचं काम ते न थकता करतात. त्यांचा उपयोग तेवढाच आहे आणि तो मोठा आहे. सरावाची संख्या वाढते.

उशी, नळी आणि घड्याळ

आता अशा तंत्रज्ञानाकडे येऊ ज्याने सगळ्यात जास्त जीव वाचवले आहेत. नाझी जर्मनीतून निसटून आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेविल रुग्णालयात युद्धात जखमी झालेल्यांसाठी विभाग उघडला. त्या काळी असे बहुतेक पेशंट बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गाने दगावत. गटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलण्याचा नियम केला. आणि खेळ सुरू केले. १९४८ मध्ये व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजी झाली, त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं.

तो धागा आपल्यापर्यंत पोचतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांना १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग गेला. उपचार म्हणून सुरू केलेलं पोहणं त्यांना १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलच्या सुवर्णपदकापर्यंत घेऊन गेलं. पुण्यात खडकीला १९७४ पासून जखमी जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, आणि तिथेही खेळ हा रोजच्या दिनक्रमाचा भाग आहे.

घरी आणल्यावर उपयोगी पडतात त्या वस्तू साध्याच असतात. हवेची किंवा जेलची उशी, कारण कमरेखाली जाणीव नसेल तर टोचत असल्याची खबरच मिळत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी घड्याळ पाहून पुढे किंवा बाजूला झुकायचं, बैठकीवरचा दाब काढायचा. आरशाने रोज पाठ आणि बूड पाहायचं, कुठे लालसर डाग आहे का. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करायचं. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल आणि अचानक डोकं ठणकू लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर लगेच उठवून बसवायचं आणि नळी तुंबली आहे का, मूत्राशय भरलं आहे का ते पाहायचं. रक्तदाब भडकल्याची ती खूण असते. काही मिनिटांत उतरलं नाही, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. बेडसोअरमुळे सहा महिने पालथं पडून राहावं लागलं, तर जगातलं कोणतंही इलेक्ट्रोड उपयोगाचं नाही, कारण सराव थांबलेला असतो.

घरच्यांनी काय विचारावं?

विजेच्या पट्ट्या बसवायला शस्त्रक्रिया लागते, तिच्यात संसर्गाचा धोका आहे. चाचण्यांतले लोक अजून थोडे आहेत. प्रत्येकाला सारखा फायदा होत नाही. कुणी स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन चालवण्याची हमी देत असेल आणि त्यासाठी लाखो रुपये मागत असेल, तर थांबा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, तो फक्त मंजूर चाचणीतच देता येतो. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात.

म्हणून डॉक्टरांना विचारा: इजा कोणत्या पातळीवर आहे? पूर्ण की अपूर्ण? खाली काय वाचलं आहे? त्याचा सराव कोण घेणार, आठवड्यातून किती तास, किती महिने? लघवीची आणि बेडसोअरची काळजी घरी कोण शिकवेल?

आणि त्या तपासणीच्या तक्त्याची एक प्रत मागून घ्या. घरात जपून ठेवा. काही महिन्यांनी डॉक्टर तीच पिन, तीच कापसाची वात घेऊन पुन्हा त्याच जागांवरून जातील. एखाद्या स्नायूसमोरच्या शून्याच्या जागी एक लिहिला गेला, तर त्याचा अर्थ एवढाच असतो की तिथे बोटाखाली बारीकशी आवळ जाणवली. बाहेरून ती कदाचित कुणाला दिसणारही नाही. पण आता तुम्हाला ते वाचता येईल: निरोप पोचला आहे, पाटकऱ्याने ऐकलं आहे. उद्या सकाळी पुन्हा व्यायामाला बसवायला तेवढं पुरतं.